टाकी फुल्ल

नरसाळं निळं होतं. प्लास्टिकचं, रॉकेल ओतायला असतं तसलं. आमच्या गायकानं, अद्वैतनं, ते माझ्या तोंडात कोंबलं, माझे केस धरून डोकं मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं बाटली उलटी केली. ड्रमवर माईक लावलेले असतात. माझ्या घशातला घटाघट आवाज त्या माईकमधून भंडारदऱ्याच्या पाण्यावर लांबपर्यंत गेला असेल.

सूर्य नुकता डोंगराआड गेला होता. काठावर तंबू, तंबूंच्या मधोमध आमचं स्टेज. पुण्या-मुंबईची पोरंपोरी हातात मोबाईल धरून उभी. सगळे एका तालात ओरडत होते.

"टाकी! फुल्ल! टाकी! फुल्ल!"

टाकी म्हणजे मी. बँडची ड्रमर. पुढं उभ्या असलेल्या कितीतरी जणांच्या टी-शर्टवर मीच होते. स्टुलावरून मागं पडताना. पाय वर, हातातल्या काठ्या वर. माझं ते पडणं बँडनं छापून विकायला काढलं होतं.

बाटली संपत आली आणि मला खाली गरम लागलं. आधी वाटलं, दारू सांडली. मग कळलं.

कॅमेरावाल्याला माझ्याआधी कळलं असावं. मागच्या मोठ्या पडद्यावर माझी भिजलेली पँट दिसायला लागली. अद्वैत वळला, बघितलं, आणि माईकवर म्हणाला,

"अरे, टाकी लीक झाली!"

हसू कसं असतं ते तेव्हा मला कळलं. एवढी माणसं एकदम हसली की छातीवर धक्का बसतो. आणि मीही हसले. त्याच ओल्या स्टुलावर बसून पुढची सगळी गाणी वाजवली. ठेका कुठं चुकला नाही.

केडगावात वाढले मी. आम्ही मातंग. बाप लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवायचा. लाल कोट, सोनेरी झालर, पायात फाटकी चप्पल. मला काठ्या धरायला त्यानंच शिकवलं, डालड्याच्या डब्यावर. लहान असताना वरातीबरोबर मीही जायचे. तिथं एक गोष्ट दर वेळी व्हायची. मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या की यजमानाकडचा कुणीतरी बँडवाल्यांना मांडवामागं न्यायचा आणि बाटली द्यायचा. जेवण मागून, उरलंसुरलं. बाटली आधी. प्यालेला माणूस भूक लागली म्हणत नाही. प्यालेला माणूस पाय दुखतात म्हणत नाही. तो वाजवत राहतो. नवरा पोरगा नाचून दमेपर्यंत, त्याचे काका दमेपर्यंत. मग तेच लोक म्हणतात, "ही जातच बेवडी."

हे तेव्हा मला समजत नव्हतं. मला वाटायचं, बापाला मान देतात.

कॉलेजला नगरात गेले. तिथल्या गॅदरिंगला रॉक बँड होता, अद्वैतचा. तो सावेडीतल्या डॉक्टरचा मुलगा. गिटार त्याची, स्पीकर त्याचे, सरावाची खोली त्याच्या बंगल्याच्या गच्चीवर. त्यांचा ड्रमर आजारी पडला म्हणून मला कुणीतरी पुढं ढकललं. मी पहिल्यांदाच पूर्ण ड्रमसेटवर बसले. गाणं संपलं तेव्हा अद्वैत माझ्याकडं बघतच राहिला.

"तूच वाजव आता," तो म्हणाला. "काय आहे ना, हे रक्तातच असतं तुमच्या."

'तुमच्या' हा शब्द मी ऐकला. ऐकून सोडून दिला. मला ड्रम हवे होते.

गच्चीवर सराव करायचो तेव्हा त्याची आई चहा पाठवायची. चौघांचा. तिघांचा कपांत, माझा कागदी ग्लासात. अद्वैतला ते कधी दिसलं नाही. दिसणारच नाही असं त्याचं आयुष्य होतं.

पुण्यातल्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाआधी मला धाप लागली. एवढी गर्दी मी वरातीतच पाहिली होती, आणि वरातीत आमच्याकडं कुणी बघत नाही. अद्वैतनं त्याची पाण्याची बाटली पुढं केली. पाणी नव्हतं. "दोन घोट घे. मी पण घेतो. नाहीतर माझ्याच्यानंही गाणं होत नाही." हे खरं होतं. तो घाबरट होता. गाण्याचे शब्द विसरायचा, स्टेजवर जायच्या आधी ओकायचा. मी दोन घोट घेतले. नंतर दोन घोटांवर थांबलं नाही. पुढं पुढं सकाळी उठल्यावर हात कापायचे, आणि पोटात थोडी गेल्याशिवाय काठी धरता यायची नाही.

मग एका हॉटेलातल्या कार्यक्रमात मी स्टुलावरून मागं पडले. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. आमचं गाणं तोवर कुणी ऐकत नव्हतं, ते आठवडाभरात सगळ्यांच्या फोनवर गेलं. गाणं कुणाला पाठ झालं नाही. माझं पडणं झालं. नरसाळं त्यानंतर आलं. आयोजक बुकिंग करतानाच विचारायचे, "ते नरसाळ्याचं होणार ना? नसेल तर दुसरा बँड बघतो."

एकदा गाडीत मी अद्वैतला म्हणाले, "बास कर आता हे. मला नकोय."

तो रडायला लागला. खरंच रडला. "मला तरी आवडतं का? माझं गाणं कुणी ऐकायला येत नाही गं. ते तुला बघायला येतात. हे बंद केलं तर आपण संपलो."

मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. माझ्या तोंडात नरसाळं घालणाऱ्याची समजूत मी घातली.

भंडारदऱ्याचा व्हिडिओ माझ्या आधी केडगावात पोचला. गल्लीच्या तोंडाशी बसणारी पोरं मला बघून नळ बंद केल्याची खूण करायची. बाप तेव्हा खाटेवरच असायचा. लिव्हर गेलेलं, पोट टरटरून फुगलेलं, हातपाय काटक्या. त्यानं शेजारच्या पोराकडून व्हिडिओ मागून घेतला आणि सगळा बघितला. मला वाटलं, शिव्या देईल.

"मला पाजायचे ते मांडवामागं," तो म्हणाला. "तुला मांडवात पाजत्यात. एवढाच फरक हाय बग."

मग भिंतीकडं तोंड केलं. त्याच महिन्यात गेला.

त्याला पोचवून आल्यावर मी प्याले. खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी दारूनं ते वाक्य बुडालं नाही. पुन्हा पुन्हा वर येत राहिलं.

त्याच सुमारास अद्वैतलाही दारू झेपेना. एका कार्यक्रमात तो मधेच खाली बसला आणि उठलाच नाही. त्याच्या वडलांनी त्याला उपचाराला पाठवलं. डोंगरात कुठंतरी होतं ते केंद्र. हिरवळ, योगासनं, खिडकीतून दरी. तिथून त्यानं फोटो टाकला. पांढरा सदरा, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं की मी आजारी आहे आणि हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. हजारो लोकांनी लिहिलं, केवढा धाडसी. केवढा प्रामाणिक. कलावंत संवेदनशील असतो, त्याला त्रास होतोच.

मी ते सगळं वाचलं. एकेक. त्याच लोकांनी माझ्या व्हिडिओखाली काय लिहिलं होतं तेही परत काढून वाचलं. "बेवडी." "धुवून घे आधी." "कुठून आणतात असली." एकानं तर माझं आडनाव शोधून काढून फक्त तेवढंच लिहिलं होतं. पुढं हसण्याचं चित्र.

बाटली तीच. आम्ही एकाच बाटलीतून प्यायलो. त्याची दारू आजार झाली. माझी दारू जात झाली.

हे कळलं आणि मला दारूची शिसारी आली असं झालं नाही. दारू हवीच होती. अंग फुटत होतं. पण त्या दिवसापासून पिताना दिसायला लागलं की मी त्यांचं काम करते आहे. त्यांनी माझ्याबद्दल जे ठरवलं आहे ते मी रोज खरं करून दाखवते आहे. फुकट.

मी सोडायचं ठरवलं. हिरवळ नव्हती. सरकारी दवाखान्यात मला खाटेला बांधून ठेवलं, कारण भिंतीवर किडे दिसत होते आणि मी ते झाडायला उठत होते. शेजारच्या खाटेवरची बाई नातेवाइकांना म्हणाली, "दारूडी हाय ही. पिशव्या सांभाळा." आई माझ्या पायांशी बसून राहिली. मला तिची दया येत नव्हती. तिलाही माझी येत नसावी. ती फक्त उठली नाही.

बाहेर आले तेव्हा अद्वैतचा फोन आला. तो बरा होऊन आला होता आणि आता नशामुक्तीच्या कार्यक्रमांना बोलवत होते त्याला. शेवगावला मोठा कार्यक्रम होता, पुढारी येणार होते. "बँड पण हवा म्हणतात. ये ना. आता आपण दोघंही क्लीन." मला वाजवायचं होतं. मी गेले.

सकाळची वेळ. शेवगावातलं एक मैदान, वर मांडव, खाली शाळांची पोरं. पुढच्या रांगांत वसतिगृहातल्या पोरी होत्या, आईबाप ऊस तोडायला गेले की इथं राहणाऱ्या. पुढाऱ्यानं अद्वैतला हार घातला, फेटा बांधला. अद्वैत बोलायला उभा राहिला. छान बोलला. आपल्या अंधाराबद्दल बोलला. मग माझ्याकडं हात केला.

"आमची ही ड्रमर. हिच्या घरात पिढ्यान् पिढ्या दारू. वातावरणच तसं. संस्कार करायला कुणी नाही. पण मी ठरवलं, हिला यातून बाहेर काढायचं."

मी ड्रममागं बसले होते. तो मला पुढं बोलावत होता. मी उठले तशी पुढच्या रांगेतल्या पोरी ओरडायला लागल्या. "टाकी! टाकी!" वैर नव्हतं त्यांच्या आवाजात. खूश होत्या बिचाऱ्या. मी जिथली, तिथल्याच त्या पोरी, आणि त्यांनाही मी तेवढीच ठाऊक होते.

अद्वैतनं पिशवीतून निळं नरसाळं काढलं. माझ्या कानाशी आला.

"पाणी आहे बाटलीत. फक्त पाणी. एकदा तोंडात धर, मग मी ते काढून फेकून देणार. भारी दिसेल."

त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. त्याखाली दुसरा वास होता. मी तो कुठंही ओळखीन. हा माणूस सकाळीच पिऊन आला होता, नशामुक्तीच्या मांडवात, फेटा बांधून.

मी तोंड उघडलं नाही. त्यानं नरसाळ्याची नळी माझ्या ओठांवर दाबली. हसत हसतच, लोकांकडं बघत. दात ओठात रुतला. रक्ताची चव आली.

मी त्याच्या हातातलं नरसाळं हिसकावलं आणि पायाखाली घेतलं. तडकलं. मग माईक घेतला.

"मी प्यायली हाय," मी म्हणाले. "लई प्यायली. ह्यानंच पाजली. ह्यो पडला तवा तुमी त्याला आजारी म्हणालात, हार घातला. मी पडले तर माझं पडणं कपड्यावर छापून इकलं. माझ्या घरात दारू पिढ्यांची न्हाई. तुमच्या मांडवात पाजायची रीत पिढ्यांची हाय. आन् आज, आत्ता, ह्या स्टेजवर प्यालेला एकच माणूस हाय. त्यो मी न्हाई. ह्याच्या तोंडाचा वास घ्या."

माईक बंद पडला. कुणीतरी वायर ओढली असणार. मी तसंच ओरडून शेवटचं वाक्य परत म्हटलं. पुढाऱ्यानं अद्वैतकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, काढा हिला. वास कुणी घेतला नाही. बँडमधले बाकीचे दोघं आपापल्या तारा गुंडाळत राहिले. दोन बायांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. उतरताना एक म्हणाली, "बाईच्या जातीला काही लाज?"

दुपारपर्यंत व्हिडिओ आला. माझं बोलणं कापलेलं. नरसाळं तुडवताना, ओरडताना, ओठातून रक्त येताना तेवढं ठेवलेलं. वर लिहिलेलं, टाकी पुन्हा फुल्ल, नशामुक्तीच्या स्टेजवर तमाशा. ज्या दिवशी मी पूर्ण शुद्धीत होते, त्याच दिवशी सगळ्या जिल्ह्यानं मला प्यालेली पाहिलं. वसतिगृहातल्या पोरींना तेवढं माहीत आहे, मी काय बोलले ते. त्यांना कोण विचारतंय.

चार दिवसांनी अद्वैतचा फोन आला. आवाज जड होता.

"तू एक सॉरीचा व्हिडिओ कर. रिलॅप्स झाला होता, परत प्यायले होते म्हण. लोक माफ करतात. मी तुला परत घेतो. लोक विसरतील."

"मला इसरू द्यायचं न्हाई," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बँडचं नाव त्याचं आहे, ड्रम त्याचे आहेत. मला कुणी वाजवायला बोलावत नाही. बोलावतील तेव्हा जाईन, आणि दर ठिकाणी वाजवायच्या आधी हे सगळं सांगेन, त्याच्या नावासकट. ज्यांना चालणार नाही त्यांनी बोलावू नये. मी बरी झालेली पोरगी म्हणून कुणापुढं उभी राहणार नाही. कुणाची शाबासकी घेणार नाही. दारू अजून हवीशी वाटते. रोज वाटते. पण दारूत मला राग यायचा नाही, त्याचसाठी तर ती पाजत होते. आता येतो. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या येतो. हा राग माझा आहे आणि तो मी पिणार नाही.