कोंबडीच्या पोटातलं पर्यावरण

नव्वदीच्या अखेरीस कसबा बावड्यात आमच्या कॉलनीला लागून एका गृहस्थांची पोल्ट्री होती. वारा फिरला की आमच्या ताटातल्या भाकरीलाही कोंबड्यांचा वास यायचा. कॉलनीने तक्रारीची धमकी दिली, तेव्हा त्यांनी खाद्य बदललं. सोयाबीन कमी केलं आणि विष्ठेचा वास कमी करणारी कसलीशी पूड मिसळली. वास खरोखरच उतरला, पण ते मात्र चढले. वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यालाही 'पावणं' म्हणून रस्त्यात अडवायचे आणि सांगायचे, "पर्यावरण कोंबडीच्या पोटातनं सुरू हुतंय, कळलं का न्हाय?" गणेशोत्सवात आम्हीच त्यांना शाल-श्रीफळ दिलं.

दिवाळीनंतर पूड महागली आणि त्यांनी ती गुपचूप बंद केली. थोड्याच दिवसांत वास परतला. आम्ही चौघे जाब विचारायला त्यांच्या दारात गेलो.

"वास? कुठं हाय वास?" ते गरजले. "तुमच्या मनात बसलाय त्यो. या, आत बसा."

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला ओरडले, "अगं, पावणं आल्यात, च्या टाक! आणि आधी त्या खिडक्या लाव की!"