लियाकतचाचांचा मळका बर्फ

नाशिकच्या भद्रकालीत लियाकतचाचांची हातगाडी आली की रसवंतीवाले आधी चाचांचा चेहरा बघत. तो खुश दिसला म्हणजे बर्फाची लादी अखंड पोहोचली. गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात ते ती अशी गुंडाळत, की भर उन्हातही तिचा कोपरा झिजत नसे. शिवाय बर्फ काचेसारखा. त्यातून पेपर वाचून दाखवतो, असं चाचा स्वतःच सांगत फिरायचे.

सत्त्याण्णव साली उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्या नाशिकने गच्चीवरून शेपटीवाला तारा पाहिला होता. म्हणून गणपतीत आमच्या मंडळाने धूमकेतूचा हलता देखावा ठरवला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मंजुषाताईंनी चाचांकडे बर्फाचा गोळा मागितला. माती, राख आणि कोळशाची पूड घातलेला.

"माझ्या बर्फात माती? उद्या सरबताला कोण घेईल माझ्याकडून?"

"चाचा, आकाशातला धूमकेतू असाच असतो. मळका."

"मग आकाशवाल्याकडूनच घ्या ना, ताई."

चाचांनी गोळा दिला, पण तो कुणाचा हे कुणाला सांगायचं नाही, या अटीवर. ताडपत्रीखालून तो गुपचूप मांडवात आला. चाचा मात्र गर्दीत सगळ्यात मागे उभे.

मोठा हॅलोजन म्हणजे सूर्य, त्याच्यामागे टेबलफॅन. रुळावरून गोळा जवळ सरकला तसा धुरकट वाफेने उजळला आणि सूर्यापासून लांब शेपटी निघाली. परत फिरताना तीच शेपटी गोळ्याच्या पुढे. फुलं विकणाऱ्या चिमणाबाई म्हणाल्या, "हा तर उलटा चालतोय." ताईंनी पंख्याकडे बोट दाखवलं; सूर्याचा वाराच शेपटीला दूर लोटतो, म्हणाल्या.

काही फेऱ्यांनी बर्फ आटला, वरची माती राहिली. काळं कवच धरलं, वाफ बंद. लोक पांगायला लागले. ताई माईकवर म्हणाल्या, "धूमकेतू म्हातारा झाला."

मागे उभ्या चाचांना राहवेना. "म्हातारा कसला? भुशात झोपलाय तो."

"तेच तर सांगतेय, चाचा. वरची माती म्हणजे त्याचा भुसाच."

पण माणूस थांबतोय कुठे. अट विसरून ते देखाव्याच्या स्टेजवर चढले आणि बर्फ फोडायच्या सळईने कवच खरवडलं. आतला पांढरा बर्फ उघडा पडला, हॅलोजनपुढे भपकन वाफ उठली, लोक परतले. आणि कडाड करून गोळ्याचे दोन तुकडे.

चाचा सळई धरून जागच्या जागी. अख्ख्या गल्लीसमोर त्यांचा बर्फ फुटला होता, तोही मळका.

"सूर्याजवळ गेलेले काही धूमकेतू असेच फुटतात," ताईंनी माईकवर सांगितलं, आणि मांडव टाळ्यांनी भरला.

पुढच्या रांगेतल्या गेणू रसवंतीवाल्याने विचारलं, "चाचा, बर्फ तुमचा का?"

चाचांनी एकदा तुकड्यांकडे पाहिलं, एकदा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे.

"माझाच. पण हा बघायचा. तुझा प्यायचा, तो वेगळा."

दुसऱ्या दिवशी गोळा उघड्या हातगाडीवरून, भर बाजारातून आला. उतरवताना चाचांनी सळई खांद्यावर घेतली. "बोला ताई, आज किती तुकडे पाहिजेत?"