सौर प्रकल्पातली मेंढरं

वळसंगच्या बाजूला एका लहान गावात मी ग्रामसेविका होते. त्या वर्षी गावच्या गायरानावर सौर प्रकल्प यायचा होता. शेतीपंपाला दिवसा वीज मिळणार म्हणून गाव खुशीत होतं. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाण्याचा वैताग ज्यांनी सोसलाय, त्यांनाच त्या खुशीचा अर्थ कळेल. मलाही आनंद झाला होता. ठराव मी सभेआधीच लिहून ठेवला होता. फक्त सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. माणसं सतरंजीवर बसली होती आणि बायका नेहमीसारख्या खाली अंगणात, भिंतीला टेकून उभ्या होत्या. ठराव वाचून झाला तेव्हा त्यांच्यातली एक पुढं आली. पन्नाशीची बाई, मेंढरं राखणारी. तिच्याकडं गुंठाभरही रान नव्हतं.

"वीज मोटारीला मिळंल," ती म्हणाली. "ज्याची हीर हाय त्याचं भलं हुईल. आमची मेंढरं त्याच माळावर चरत्यात. ती कुटं न्यायची?"

"तुझ्या मेंढरांस्नी बी करंट पायजे का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. ती तशीच उभी राहिली, उत्तराची वाट बघत. तेव्हा मला माझीच लाज वाटली आणि मी तिचा प्रश्न प्रोसिडिंग बुकात उतरवून घ्यायला लागले.

सरपंच वाकून म्हणाले, "मॅडम, हे कशाला लिवताय?"

"सभेत विचारलंय त्यांनी. लिहावंच लागतं."

लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, ही सरकारी कामातली एक चांगली गोष्ट आहे. सरपंचांनी ठराव पुढच्या सभेवर ढकलला आणि आठवड्यानं प्रकल्पाचे इंजिनिअर जागा बघायला आले. तरुण होते, शहरातले. मी त्या बाईला निरोप धाडला होता. ऊन मी म्हणत होतं. तरी तिनं त्यांना सगळा माळ पायी हिंडवला. पावसाचं पाणी कुठून वाहतं, तळ्याकडं जायची वाट कुठली, सगळं दाखवलं. त्यांच्या नकाशात ती वाट नव्हतीच. त्यांनी पेन काढून ती आखली.

मग तिनं विचारलं, "दादा, तुमच्या त्या काचंखाली गवत उगवंल की. ते कोण काडनार?"

"तणनाशक मारतो आम्ही."

"अवो, इख कशाला मारताय? माजी मेंढरं खात्याल की."

इंजिनिअर थांबले. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "शेळ्या नकोत हं, त्या वर चढतात, वायरी खातात. मेंढ्यांचं बघू."

ते बघायला पुढं बरेच महिने गेले. चार पत्रं मीच लिहिली. सरपंचांनीही नंतर मन लावलं, तालुक्याला दोन खेपा घातल्या. शेवटी ठरावात अटी आल्या: तळ्याची वाट मोकळी राहील, पॅनेलखालचं गवत गावातल्या भूमिहीन घरांच्या मेंढ्यांना, आणि पॅनेल धुवायचं काम त्याच घरांतल्या बायकांना. शेळ्यांचं मात्र जमलं नाही. दोन म्हाताऱ्या अजून शेळ्या घेऊन ओढ्याकाठानं हिंडतात. त्यांच्यासमोर गेलं की मला अवघडल्यासारखं होतं.

माझी बदली झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात मी सहज तिकडं गेले. माळावर निळ्या काचांच्या रांगाच रांगा. दुपारच्या त्या कडक उन्हात मेंढरं पॅनेलच्या सावलीत दाटीवाटीनं बसून रवंथ करत होती. बाईची सून पलीकडच्या रांगेत लांब दांड्याच्या फडक्यानं काच पुसत होती.

"आमच्या अत्तीला बी हितं सावली न्हवती कदी," बाई म्हणाली. अत्ती म्हणजे तिची सासू. घरात ते कानडी बोलतात. "बाभळी कवाच तोडलेल्या, माळ नुसता तापायचा. आता बसा की निवांत."

"बरं चाललंय ना, मावशी?" मी विचारलं.

"हौदरी!" ती हसून म्हणाली, म्हणजे ‘होय हो’, आणि भाकरीचं फडकं सोडून कडक भाकरी पुढं केली. सोबत शेंगाचटणी होती, झणझणीत. एक कोकरू माझ्या पर्समध्ये तोंड घालत होतं, त्याला हाकलत आम्ही दोघी सावलीत जेवत बसलो.