द्वारकाबाईंची चुकलेली कडी

लासुर्ण्याजवळच्या वस्तीवर द्वारकाबाई घोडी शिकवतात. मूळ धंदा सासऱ्यांचा. त्यांची कंबर धरली तेव्हा द्वारकाबाईंनी काष्टा घट्ट खोचला आणि लगाम हाती घेतला. त्याला आता तीस वर्षं झाली. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आता इंदापूर-बारामतीकडची माणसं घोडं अडलं की थेट त्यांच्या दारात आणतात.

गेल्या पौषात ऋषिराज आपली घोडी टेम्पोतून घेऊन आला. हा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. हौसेनं चांदणी घेतलेली. मोकळी असली की गाईसारखी गरीब; पण पाठीवर बसून लगामाच्या वाद्या जरा ओढल्या, की मान आभाळाला आणि तोंड उघडं.

"मावशी, सगळे म्हणतात काटेरी लगाम घाल, सुतासारखी सरळ होईल."

"त्येंच्याच तोंडात घाल म्हणावं आधी," द्वारकाबाई म्हणाल्या. "घोडी वंगाळ न्हाय. तिला कायतरी दुखतंय."

त्यांनी चांदणीचा ओठ वर केला. ओठांच्या कोपऱ्यांत जुने चट्टे होते. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर आसावरीताई आल्या. दाढेच्या पुढं एक बारका फाजील दात निघाला होता, लगामाची तोंडात बसणारी लोखंडी कडी नेमकी त्याच्यावर आपटायची. तो दात त्यांनी काढला. मग तीन आठवडे लगाम बंद, तोंडात काही न घालता नुसत्या मोरखीच्या दोरीवर फिरणं.

जखम भरल्यावर द्वारकाबाईंनी आपली नेहमीची कडी काढली, अंगठ्याएवढी जाड. जाड कडी मायेची, बारीक कडी कापणारी, ही सासऱ्यांची शिकवण. पण चांदणीनं पुन्हा मान झटकली, जीभ मागं ओढली, गुदमरल्यासारखं केलं. दोन दिवस तेच. द्वारकाबाईंना जेवण गोड लागेना. तीस वर्षांत आपलं असं कधी चुकलं नव्हतं, की चुकलेलं कधी कळलंच नव्हतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घोडीपाशी बसल्या. तिच्या तोंडात कडेनं बोट घालून बघितलं. जीभ केवढी मांसल! टाळू खाली उतरलेला. बोटालाच जागा नव्हती, तिथं जाड लोखंड कुठं मावणार? त्यांनी सुतळीनं तोंडाची रुंदी मोजली. कडी अर्धा इंच लांबही होती, तोंडात इकडून तिकडं सरकायची.

"माजंच चुकलं बया," त्या घोडीलाच म्हणाल्या.

सुतळी घेऊन त्या इंदापुरात सिद्धूच्या लेथवर गेल्या. त्यानं मापाची, करंगळीएवढी कडी घडवली. तीन तुकड्यांची, मधला तुकडा चिंचोक्याएवढा, म्हणजे जिभेवर कडी दुमडून टोचायची नाही. सगळे सांधे त्यानं गुळगुळीत घासून दिले.

रविवारी ऋषिराज आला. बसायच्या आधी द्वारकाबाईंनी वाद्यांची कडीकडची टोकं आपल्या मुठीत धरली, मागली टोकं त्याच्या हातात दिली आणि डोळे मिटले.

"मी घोडी. आता थांबव मला."

त्यानं ओढलं. त्या दोन पावलं पुढं खेचल्या गेल्या.

"आरं, विहिरीतनं पोहरा काढतूस व्हय? करंगळी मीट नुसती. मी थांबले की लगेच सोड."

तो हसला, पुन्हा धरलं. अर्धा तास दोघं गोठ्यापुढं तसेच उभे. शेजारची सून भांडी घासायची थांबून बघत राहिली. शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या, "हां, आता हाताला हात लागल्यागत वाटतंय."

मग तो चांदणीवर बसला. पहिल्या फेरीला घोडीनं कान मागं टाकले, पण मान वर गेली नाही. दुसऱ्या फेरीत ती कडी चघळायला लागली, ओठांवर पांढरा फेस आला. तिसऱ्या फेरीला तिनं आपणहून नाक पुढं करून वाद्या हलक्या ताणल्या, हाताचा अंदाज घेतल्यासारखं. ऋषिराजनं करंगळी मिटली, चांदणी थांबली.

"मावशी, थांबली!"

"बोंबलू नगं, तिला ऐकू येतंय."

संध्याकाळी तो गेल्यावर द्वारकाबाईंनी गोठ्यातल्या बाकीच्या सहाही घोड्यांची तोंडं सुतळीनं मोजली. दोघांच्या कड्या चुकीच्या मापाच्या निघाल्या. त्यातला एक वरातीचा म्हातारा घोडा लगामाला जुमानत नाही म्हणून बदनाम होता. त्याच्या कपाळावरून हात फिरवत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग चहा टाकायला आत गेल्या.