डबा भरल्याची तारीख

काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी "सॉफ्टवेअर" म्हणते आणि विषय संपवते. खरं सांगायचं तर माझा निम्मा दिवस एका फाइलमध्ये जातो. हिंजवडीतली आमची छोटीशी कंपनी चाकणच्या कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवते. कोड आता बराचसा एआय असिस्टंट लिहितो. हुशार आहे, पण काल काय सांगितलं ते आज त्याच्या गावीही नसतं. म्हणून रोज तो पहिल्यांदा जी सूचनांची फाइल वाचतो, ती मी सांभाळते. अमुक काम आलं तर तमुक स्किल उघड, एवढंच त्यात असायला हवं. स्किल म्हणजे एखादं काम आमच्याकडे कसं करतात, ते नीट लिहून ठेवलेली वेगळी फाइल. अशा पुष्कळ आहेत. सगळ्या तो वाचत बसत नाही. सूचनेतली ओळ बघतो आणि गरज वाटली तरच ती उघडतो.

मी मुळात तापट. असिस्टंट चुकला की त्या फाइलमध्ये माझी एक ओळ वाढलीच. "हे कधीही करू नकोस." खाली, "पुन्हा सांगते, हे कधीही करू नकोस." आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत लिफ्टमध्ये नोटिसा लावतात ना, तशी ती फाइल झाली होती. सगळं लिहिलेलं होतं आणि कुणी वाचत नव्हतं.

एका सोमवारी चाकणच्या कारखान्यातून टाइम ऑफिसच्या मॅडमचा फोन आला. "ताई, तुमच्या सॉफ्टवेअरनं आमच्या काकांना गैरहजर दाखवलंय."

काका म्हणजे तिथल्या प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर. महिनाअखेरीला रिटायर होणार होते. वर्षभरात एकही खाडा नाही, आणि येत्या शनिवारच्या कार्यक्रमात शंभर टक्के हजेरीसाठी त्यांचं नाव पुकारायचं ठरलेलं. मी त्यांना चांगली ओळखत होते. आमचं हजेरीचं मशीन गेटवर बसवलं तेव्हा कामगार लांब उभे राहून बघत होते. पहिलं कार्ड काकांनी लावलं. "पोरीनं केलंय, चुकायचं न्हाई," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते.

आणि आता चुकलं होतं. काका कुणाशी भांडले नाहीत म्हणे. नोटीस बोर्डावरच्या यादीसमोर उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि आपल्या प्रेसवर कामाला गेले. मॅडम म्हणाल्या, "हातानं दुरुस्त करते, असं मी सांगितलं. तर म्हणतात, खाडाखोड केलेली हजेरी आमाला नको." फोन ठेवला तेव्हा मला स्वतःची भयंकर लाज वाटली. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

चूक सापडायला वेळ लागला नाही. आदल्या आठवड्यात काकांची तिसरी शिफ्ट होती, रात्री अकरा ते सकाळी सात. नव्या कोडनं ती बाराच्या ठोक्याला कापली होती. म्हणजे एक तास या तारखेला, सात तास पुढच्या तारखेला. आठवड्याच्या पहिल्या दिवसाच्या वाट्याला एकच तास आला, आणि त्या दिवशी काका गैरहजर झाले. शिफ्टमधल्या इतरांचंही तेच झालं होतं, पण त्यांचे आधीचेही खाडे होते, म्हणून एक वाढलेला कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मी असिस्टंटवर जे तोंडसुख घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं शांतपणे सांगितलं की शिफ्टच्या तारखेचा नियम त्यानं वाचलाच नव्हता. वाचणार कसा? नियमाची स्किल मीच लिहिली होती, नाव दिलं होतं "कॅलेंडर नियम", आणि सूचना होती, "कॅलेंडरच्या कामासाठी हे वाच." काम सांगताना मी म्हटलं होतं, हजेरीची यादी नव्यानं तयार कर. त्यात कॅलेंडर हा शब्द कुठे होता? वर तो कोड मी स्वतः पास केला होता, कंपनीच्या कॅबमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या, मोबाइलवर बोट फिरवत. आता बोला.

संध्याकाळी घरी आले तर बाबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ते लातूरकडून पिंपरीत आले आणि सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूल रूममध्ये केली. आमच्या दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांना शंभर टक्के हजेरीबद्दलच मिळालंय. मी चिडचिड करत सगळं सांगितलं. तिसऱ्या शिफ्टची तारीख कोणती धरायची हे त्या दीडशहाण्याला कळत नाही, असं मी म्हणाले.

"त्यात काय कळायचंय," बाबा म्हणाले. "ज्या दिवशी डबा भरला ती तारीख. टूल रूममधल्या शेंबड्या पोरालाबी माहीत होतं."

"अहो, पण ते लिहिलंय मी. तो उघडतच नाही."

"वर काय लिहिलंस?"

सांगितलं. बाबांनी शेंग खाली ठेवली. "माय, माझ्या टूल रूममधे ड्रॉवरवर हत्याराचं नाव नव्हतं. माणूस खिडकीशी काय बोंबलत येतो, ते लिहिलं होतं. 'आटे बसंनात.' 'ड्रिल आतच तुटलं.' 'भोक मोठं झालं.' साहेब लोक लई हसले. पण नवा माणूस बरोबर तोच ड्रॉवर उघडायचा. आत काय हाय ते त्याला कुठं ठाऊक असतंय? त्याला त्याची अडचण तेवढी ठाऊक."

इतकी वर्षं मी या माणसाला कंप्युटर कसा चालवायचा ते शिकवत होते. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, शेंगा सोल.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या रागाच्या सगळ्या ओळी पुसल्या. फाइल पानभरच उरली. शिफ्टच्या स्किलसमोर लिहिलं, "हजेरी, खाडा, यादी, ओव्हरटाइम, तिसरी शिफ्ट, यातलं काहीही कामात आलं तर आधी हे वाच." आणि स्किलच्या आत पहिलीच ओळ टाकली, "शिफ्टची तारीख म्हणजे डबा भरल्याची तारीख." मग असिस्टंटला तेच जुनं काम तेच शब्द वापरून पुन्हा दिलं. त्यानं आधी स्किल उघडली. या वेळी मी कोडची प्रत्येक ओळ टेबलापाशी बसून वाचली, आणि तो जुन्या सगळ्या तिसऱ्या शिफ्टवर चालवून बघितला.

शुक्रवारी यादी घेऊन मी स्वतः चाकणला गेले. काका जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. मी म्हटलं, "काका, चूक माझी होती." त्यांनी यादीवर बोट ठेवून आपली ओळ शेवटपर्यंत वाचली. खाडाखोड नव्हती.

"आता कसं काय जमलं?" त्यांनी विचारलं. मी बाबांचा डब्याचा नियम सांगितला.

काका यादीकडे बघत राहिले. "मग ही हजेरी माझी कशी?" ते म्हणाले. "डबा तर घरी आमच्या हिनं भरला. आमी नुस्तं कार्ड लावलं." शनिवारी त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते बायकोला हाताला धरून स्टेजवर घेऊन गेले. त्या नको नको म्हणत होत्या. मी खाली टाळ्या वाजवत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

घरी येऊन हे जेवताना सांगितलं. आई वाढत होती. बाबांनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि ते मान खाली घालून जेवले.

सोमवारी सकाळी मी कॅबसाठी आवरून बाहेर आले, तर आई खुर्चीत बसून चहा पीत होती आणि बाबा ओट्याशी उभे होते. पोळी वाकडीतिकडी, भाजी डब्याच्या कडेला लागलेली. झाकण लावून त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

"आजची तारीख लिहून ठेव," आई म्हणाली. "यांची पहिली हजेरी."