पटावरून एक नाव कमी

आमच्या गावातली सरकारी मराठी शाळा वाचवायला निघालो, तेव्हा मी जरा जास्तच बोलत असे. वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाड्यांच्या कडेला, दोन खोल्यांची शाळा. मी तिथेच शिकलो. गावातली मुलं एकेक करून इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढली आणि पट इतका घसरला, की शाळा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेला जोडणार अशी कुजबुज सुरू झाली. मी शाळेच्या समितीचा अध्यक्ष झालो आणि दारोदार फिरलो. लोक विचारायचे, "तुमची मुलगी कुठे घालणार?" माझं उत्तर तयार असे, "तिथेच. आधी माझी, मग तुमची." हे मी इतक्या रुबाबात म्हणायचो, की आता आठवलं तरी लाज वाटते.

मुलीला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना मशीन लावलं की घरात सगळं सुरळीत चालतं. आईने स्वयंपाकघरातून हळू हाक मारली तरी ओ देते. पहिलीचं वर्ष चांगलं गेलं. पुढच्या जूनमध्ये एका खोलीचं छप्पर धोकादायक ठरलं आणि तिला कुलूप लागलं. त्यातच पहिलीला शिकवणाऱ्या बाईंची बदली झाली. मग चारही इयत्ता एका खोलीत, एकट्या मोठ्या बाईंकडे. एका भिंतीशी पाढे, दुसऱ्या भिंतीशी कविता, मधे बाकं ओढल्याचा खरखराट. बाईंना मी कधीच दोष देणार नाही. त्या सगळ्यांना पुऱ्या पडत होत्या हेच नवल.

दिवाळीच्या आधीच बायको म्हणाली होती, "ही शाळेतून आली की बोलत नाही हो. भिंतीकडे तोंड करून पडून राहते."

"होईल सवय," मी म्हटलं. प्रगतिपुस्तकात 'शांत व गुणी' असा शेरा होता. तो मी चार जणांना कौतुकाने दाखवला.

मी सातिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठला माल किती दिवस पुरेल हे मी रजिस्टर न उघडता सांगतो. मुलीच्या मशीनचे सेल आठवडाभर जायचे, ते त्या वर्षी जवळजवळ दुप्पट टिकायला लागले. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मी बायकोला म्हटलं, "या वेळची कंपनी चांगली निघाली."

फेब्रुवारीत एका दुपारी त्या छपराचं माप घ्यायला शाळेत गेलो. मुलगी पहिल्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसली होती. मी दारातून हाक मारली. सगळा वर्ग वळून बघायला लागला, ती वळली नाही. जवळ गेलो तर दोन्ही कान मोकळे. समोरच्या कंपासपेटीत, खोडरबर आणि पेन्सिलीच्या तुकड्यांमध्ये, दोन्ही मशीनं ठेवलेली.

घरी आल्यावर विचारलं, "कधीपासून काढून ठेवतेस?"

"शाळा उघडली तेव्हापासून. लावलं की सगळे एकदम डोक्यात बोलतात."

"मग बाई शिकवतात ते कसं कळतं?"

"बाजूची लिहिते ते बघून मी लिहिते. ती हसली की हसते."

मी मागच्या पडवीत जाऊन रडलो. वर्षभर पोर बंद कानांनी बसली आणि मी तिच्या शांतपणाची फुशारकी मारत फिरलो.

नंतरची धावपळ सांगण्यासारखी नाही. कर्णबधिर मुलांची शाळा लांब होती, आणि तिथल्या शिक्षिकेनेच सांगितलं, हिला मशीन लावून चांगलं ऐकू येतं, हिला फक्त गोंगाट नको. इंग्रजी शाळेत एका वर्गात साठ मुलं. शेवटी बायको म्हणाली, "घरीच शिकवूया."

तेव्हा माझ्या मनात आधी मुलगी आली नाही. पट आला. हे लिहायला हात धजत नाही, पण तसंच झालं. लोक काय म्हणतील, मी कुठल्या तोंडाने समितीच्या बैठकीत बसणार, हेच दोन दिवस डोक्यात घोळत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "बाबा, मशीन घरीच ठेवून जाऊ का? पेटीत हरवेल." मी तिच्या हातातून दप्तर काढून घेतलं. त्या दिवसानंतर ती शाळेत गेली नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मिठागराजवळच्या वस्तीतली एक बाई वाटेत भेटली. तिच्या मुलीला शाळेत घालायला मी तीनदा तिच्या दारात गेलो होतो.

"तुमी आलेले म्हनून मी पोरीला तिकडं टाकली," ती म्हणाली. "आता तुमीच काढली?"

मी सगळं सांगितलं. मशीन, कंपासपेटी, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर हाय, भाऊ. पन माझीला घरी कोन शिकवनार?"

शाळा अजून चालू आहे, पण किती दिवस, ते ठाऊक नाही. मी अध्यक्षपद सोडलं.

दाखला घेऊन मोठ्या बाई स्वतः घरी आल्या, शनिवारी दुपारी. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं होतं. मी मान खाली घालून सही केली. घरात सामसूम होती, बायकोने पंखासुद्धा बंद ठेवला होता. बाई मुलीशेजारी सतरंजीवर बसल्या आणि तिचं पुस्तक उघडून शेवटचा धडा वाचायला लागल्या, नेहमीच्या साध्या आवाजात. मुलगी आधी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. मग बघायची थांबली, नुसती ऐकत राहिली.

"बाई, तुमचा आवाज असा आहे?" तिने विचारलं.

"अगं, वर्षभर तर ऐकतेयस."

मुलीने मान हलवून नाही म्हटलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुस्तकाची पानं मागे उलटत गेल्या, आणि जूनमधला पहिला धडा वाचायला घेतला.