सवतीचं कुंकू

आमचे मामंजी बंद पडलेल्या गाडीला हात लावण्याआधी तिच्या मालकाची उलटतपासणी घ्यायचे. शेजारच्या कैनाड गावाहून कुणी स्कूटर ढकलत आणली की ती चिकूच्या सावलीत उभी राहायची आणि मालक ओट्यावर. "कधीपासून खोकते? चढावर की सपाटीला? सकाळी, की उन्हं चढल्यावर? आणि खरं सांग, काल कुणाला दिली होतीस?" या शेवटच्या प्रश्नाला मालकाचा चेहरा पडला की मामंजी खूश. "आधी विचार, मग पाना," हे त्यांचं ब्रीद. धंद्याने ते मेकॅनिक नव्हते, मसोलीला आमची चिकूची वाडी होती. निदान पुष्कळदा चुकायचंही. मग ते तितक्याच रुबाबात दुसरं निदान करायचे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांची स्वतःची मोटरसायकल इंग्रजी बनावटीची, त्यांच्या तरुणपणीच जुनी झालेली. तिचं नाव राणी. तिच्या इंजिनाच्या आवाजावरून त्यांना म्हणे तिचा मूड कळायचा. "माझा कधी कळला नाही," असं सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकवायच्या. त्या राणीला सरळ 'सवत' म्हणत. "सवतीला पुसून झालं असेल तर जेवायला या!"

त्या घरात मी सून म्हणून आले ती बी.एस्सी.ची पदवी आणि तलासरीच्या शाळेतली हंगामी नोकरी घेऊन. सकाळची एसटी पोचवायची ती प्रार्थना संपल्यावर. मामंजी म्हणाले, "मी सोडतो." ऐंशीच्या दशकात सासऱ्याच्या मागे बसून सून चारोटीवरून हायवेने निघाली म्हणजे काय दृश्य असेल बघा! खळ, इस्त्री केलेली सुती साडी, डोक्यावर पदर, एका हाताने तो धरलेला, आणि मर्यादा म्हणून मामंजींच्या नि माझ्या मध्ये उभा ठेवलेला जेवणाचा डबा. खड्डा आला की डबा त्यांच्या पाठीत आणि झाकण माझ्या पोटात. पण मला वाटायचं, काय मी शालीन दिसते!

पावसाळाभर राणी सुतासारखी चालली. मग दसरा आला. दसऱ्याला सासूबाई वर्षभराचं भांडण बाजूला ठेवून सवतीची पूजा करायच्या, आणि हात राखून नव्हे. दिव्याला हळद, हँडलला झेंडूची माळ, आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचा रुपयाएवढा टिळा. "सवाष्ण आहे मेली. तिचं कपाळ मोकळं नको."

सोमवारी शाळा उघडली आणि राणी हायवेवर, महालक्ष्मीचा डोंगर समोर दिसायला लागला तिथेच, खोकत खोकत गप्प झाली. मामंजींनी प्लग काढून पुसला, कार्ब्युरेटरवर टिचक्या मारल्या. मी पायातल्या चपला काढून डोंगराकडे तोंड करून हात जोडले. थोड्या वेळाने राणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बंद, पुन्हा मी हात जोडले, पुन्हा सुरू. माझी खात्रीच पटली की लग्नानंतर देवीची ओटी भरायची राहिली, तिचा हा कोप. सातवीच्या वर्गाला मी त्याच आठवड्यात हवेचा दाब शिकवत होते, हे इथेच सांगून टाकते. तेवढंच हसून घ्या.

चारोटीच्या गुजराती चहावाल्याने गाडी विकून टाकायचा सल्ला दिला, "काका, हवे वेची नाखो ने! म्हातारी झाली."

"तुझा बाप म्हातारा झाला तेव्हा विकलास काय रे?" मामंजी म्हणाले, पण चहा अर्धा टाकून उठले.

शुक्रवारी मी वर्गात पोचले तेव्हा हेडमास्तर फळ्यापाशी उभे होते. "बाई, आता आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसरी शिक्षिका बघेन." घरी सासूबाईंनी ते ऐकलं आणि निकाल दिला, "सवत नेत नाही म्हणते ना? मग सोड नोकरी. घरात काय कामं कमी आहेत?" माझ्या नवऱ्याने आणखी भात वाढून घेतला. मी परसात जाऊन रडले. नोकरीसाठी रडले म्हणावं, तर साड्यांच्या इस्त्रीसाठीही थोडी रडले.

मामंजी मागोमाग आले. "रडणं नंतर. आधी विचारायचं. गाडी थांबली की तू काय करतेस?"

"हात जोडते."

"आणि मी?"

"तुम्ही प्लग पुसता. मग टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघता."

"रोज?"

"रोज. मग किक मारता."

ते थबकले. "सोमवारी तू हात जोडायचे. मी झाकणाला हात लावणार नाही. बघू कोण सुरू करतं, तुझी देवी की माझं झाकण."

"मामंजी, माझी नोकरी जाईल!"

"तशीही जातेच आहे."

सोमवारी राणी नेहमीच्या जागी थांबली. मी इतक्या भक्तीने हात जोडले की पदर घसरला. मामंजींनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. "आता हात सोड," म्हणाले, आणि झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीने हवा आत ओढली, जणू कुणी तिचं नाक दाबून धरलं होतं. पुढच्या किकेला राणी गुरगुरली.

मामंजींनी झाकण उजेडात धरलं. त्याच्यातलं हवेचं बारीक भोक लालभडक कुंकवाने गच्च बुजलेलं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. ते माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे, आणि भर हायवेवर आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग त्यांनी हात पुढे केला. "सूनबाई, पिन." मी अंबाड्यातली पिन काढून दिली. प्रार्थना सुरू असतानाच मी शाळेत पोचले, अंबाडा खांद्यावर सुटलेला.

संध्याकाळी परतताना ते म्हणाले, "घरी सांगायचं, प्लग गेला होता."

"का? कुंकू तर आईंनीच लावलं."

"म्हणूनच. वर्षात एक दिवस ती सवतीशी गोड वागते. तो कशाला मोडायचा?"

पुढे दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सासूबाई आंघोळीला गेल्या की मामंजी ओट्यावरून खुणेने हात पुढे करायचे. मी पिन द्यायची. नोकरी कायम झाली, मुलं झाली, मीच शाळेत मोठ्या बाई झाले. रडत आलेल्या पोराला छडी दाखवण्याआधी मीही ओट्यावरच्यासारखी उलटतपासणी घ्यायला लागले. माझी निदानंही पुष्कळ चुकली. रुबाब मात्र सोडला नाही.

नव्वदच्या दशकात, एका भाद्रपदात मामंजी गेले. त्या वर्षी दसऱ्याला सण नव्हता. तरी सासूबाई राणीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आपल्या रिकाम्या कपाळावरून त्यांनी हात फिरवला आणि करंडा माझ्यापुढे धरला.

"मी नाही लावायची आता. तू लाव. भरपूर लाव, त्यांना आवडायचं."

मी लावलं. त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. मग आत जाता जाता उंबऱ्यात थांबल्या.

"आणि उद्या मी आंघोळीला गेले की पिन घालायला विसरू नकोस."